वाळलेल्या रक्ताची साक्ष : डागाचे भौतिकशास्त्र आणि न्यायसहायक विज्ञान

घटनास्थळी रक्ताचा डाग म्हणून जे सापडते ते बहुधा द्रव रक्त राहिलेले नसते. ताज्या रक्तात वजनाने सुमारे ८० टक्के पाणी असते. पोलीस पोहोचून पंच बोलावले जाईपर्यंत त्यातले बरेचसे पाणी हवेत उडून गेलेले असते. पंचनाम्यात ‘रक्तासारखे डाग’ अशी ज्याची नोंद होते, तो मागे उरलेला पाचवा हिस्सा असतो : तांबड्या पेशी, प्रथिने आणि क्षार यांचा पातळ, ठिसूळ थर. पाणी कोठून, किती वेगाने आणि कोणत्या क्रमाने निघून गेले, यावर त्या थराची कड, जाडी, भेगा आणि रंग ठरतात. न्यायसहायक विज्ञानाला या थरावरून मागे जायचे असते : थेंब कोणत्या दिशेने आला, कोणत्या कोनात पडला, केव्हा पडला, पडल्यावर त्याला कोणाचा हात किंवा पाय लागला का. थेंब उडण्याचे आणि आदळण्याचे शास्त्र पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. वाळण्याकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले आहे, आणि पुराव्यावर किती विसंबावे हे मात्र बऱ्याच वेळा वाळण्यावरच ठरते.

रक्त हा साधा द्रव नाही. त्याच्या आकारमानाचा सुमारे ४० ते ४५ टक्के भाग तांबड्या पेशींनी व्यापलेला असतो. एका घन मिलिमीटरमध्ये अशा सुमारे ५० लाख पेशी असतात. प्रत्येक पेशी ७ ते ८ मायक्रॉन व्यासाची, मध्यभागी खोलगट आणि लवचीक चकती असते. उरलेला रक्तद्रव म्हणजे प्रथिने विरघळलेले पाणी. रक्ताची घनता पाण्याहून किंचित जास्त, घन सेंटिमीटरला सुमारे १.०६ ग्रॅम. पृष्ठताण पाण्याहून कमी. श्यानता मात्र एका आकड्यात सांगता येत नाही. रक्त वेगाने वाहत असताना त्याची श्यानता पाण्याच्या चार-पाच पट असते. गती मंदावली की पेशी एकमेकींना चिकटून त्यांच्या चळती बनतात आणि श्यानता कित्येक पटींनी वाढते. म्हणून उडणारा थेंब जवळपास साध्या द्रवासारखा वागतो, तर भिंतीवरून सावकाश उतरणारा ओघळ मध्येच अडखळतो आणि थांबतो. शिवाय शरीराबाहेर पडलेले रक्त काही मिनिटांत साकळू लागते. पेशींची गर्दी, बदलती श्यानता आणि साकळणे या तिन्ही गोष्टी डाग वाळताना एकदमच कामाला लागतात.

आदळण्याचा टप्पा अगदी थोड्या वेळाचा असतो. जखमेतून किंवा हत्याराच्या टोकावरून स्वतःच्या वजनाने गळणारा थेंब साधारण ५० मायक्रोलीटरचा, म्हणजे सुमारे साडेचार मिलिमीटर व्यासाचा असतो. एक मीटर उंचीवरून पडताना तो सेकंदाला चार मीटरहून अधिक वेगाने जमिनीवर येतो आणि काही मिलिसेकंदांत पसरून चपटा होतो. सरळ पडला तर डाग गोल होतो, तिरपा पडला तर लांबट. लांबट डागाच्या रुंदीला लांबीने भागले की पडण्याच्या कोनाची ज्या (साइन) मिळते. हा संबंध पॅरिसचे न्यायवैद्यक तज्ज्ञ व्हिक्टर बाल्थाझार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये मांडला. त्याच्याही आधी, १८९५ मध्ये, एडुआर्ड पिओत्रोव्स्की यांनी डोक्यावरील घावांतून उडणाऱ्या रक्ताचे पद्धतशीर प्रयोग करून त्यावर सचित्र ग्रंथ लिहिला होता. डाग ६ मिलिमीटर रुंद आणि १२ मिलिमीटर लांब असेल तर कोन ३० अंश, इतके हे गणित सोपे आहे. मात्र सगळ्या कोनांना ते सारखे मानवत नाही. गुणोत्तर ०.२५ ऐवजी ०.२८ मोजले गेले तर कोन साडेचौदा अंशांवरून सव्वासोळावर जातो, फरक दोन अंशांच्या आत राहतो. ०.९५ ऐवजी ०.९८ मोजले गेले तर तो ७२ वरून साडेअठ्ठ्याहत्तरवर उडी घेतो. जवळजवळ गोल डागावरून काढलेला कोन म्हणूनच फारसा कामाचा नसतो.

या सगळ्या गणितात एक गोष्ट मुकाट्याने गृहीत धरलेली असते. मोजमाप होते ते वाळलेल्या डागाचे, कोन मात्र ओल्या थेंबाचा हवा असतो. पाणी गेल्यावर डाग आकसला असता तर बाल्थाझार यांचे सूत्र निरुपयोगी ठरले असते. तो आकसत नाही, याचे कारण त्याच्या कडेत आहे. थेंब पसरून थांबला की त्याची कड पृष्ठभागाला धरून बसते. पृष्ठभागाचा सूक्ष्म खडबडीतपणा तिला अडवतो, रक्तातील प्रथिने तिथे चिकटतात आणि लगोलग येऊन बसणाऱ्या पेशी तिला आणखी पक्के करतात. त्यानंतर थेंबातले पाणी कमी होते तेव्हा थेंबाची उंची घटते, बाह्यरेषा तशीच राहते. काच, फरशी, रंग दिलेली भिंत, पत्रा, घासून गुळगुळीत केलेले लाकूड अशा बहुतेक पृष्ठभागांवर हे खरे ठरते. मेणकट किंवा टेफ्लॉनसारख्या, द्रवाला न धरणाऱ्या पृष्ठभागावर कड मागे सरकू शकते. तिथे रुंदी-लांबी मोजण्यापूर्वी पृष्ठभागाची परीक्षा करावी लागते. कडेचे हे धरून बसणे हा या विद्येचा पाया आहे. अभ्यासक्रमांत मात्र ते एखाद्या ओळीत उरकले जाते.

कड जागेवर राहिली की तिचा परिणाम थेंबाच्या आतही होतो. १९९७ मध्ये रॉबर्ट डीगन, सिडनी नेगल आणि त्यांच्या शिकागो विद्यापीठातील सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये एका साध्या प्रश्नाचे उत्तर दिले : सांडलेल्या कॉफीचा थेंब वाळल्यावर डाग कडेला गडद आणि मध्ये फिका का होतो? चपट्या थेंबाच्या कडेवरून बाष्पीभवन सर्वांत वेगाने होते. तिथली वाफ बाजूच्या कोरड्या हवेत सहज पसरते, मध्यभागावरची वाफ मात्र वरच तरंगत राहते. कड जागची हलत नसल्याने तिथे कमी पडलेले पाणी मधून पुरवावे लागते. त्यामुळे थेंबात मध्याकडून कडेकडे प्रवाह सुरू होतो, आणि त्यात तरंगणारे कण कडेला साचत जातात.

रक्ताच्या थेंबात हेच घडते, पण तेवढ्यावर थांबत नाही. कॉफीच्या पातळ थेंबातले कण आकारमानाने एक-दोन टक्के असतात, रक्तात मात्र जवळपास अर्धी जागा पेशींची असते. फ्रान्समधील मार्सेय येथील दाविद ब्रुतँ आणि त्यांच्या गटाने २०११ मध्ये ‘जर्नल ऑफ फ्लुइड मेकॅनिक्स’मध्ये हा क्रम तपशिलाने मांडला. काचेवर ठेवलेल्या काही मायक्रोलीटरच्या थेंबावर त्यांनी वरून कॅमेरा लावला आणि त्याच वेळी थेंबाचे घटते वजनही मोजले. सुरुवातीला तांबड्या पेशी कडेकडे वाहतात आणि कडेला गडद लाल कडे तयार होते. मग कडेजवळचा भाग घट्ट होऊन जेलीसारखा बनतो. घट्ट आणि द्रव यांमधली सीमा बाहेरून आत सरकू लागते. कडेचा रंग गडद होत जातो, मध्य मात्र अजून ओला आणि चकचकीत असतो. शेवटी मध्यही घट्ट होतो. तोवर कडेला भेगा पडू लागलेल्या असतात. पूर्ण वाळल्यावर तीन पट्टे स्पष्ट दिसतात : काचेला घट्ट चिकटलेली बारीक बाह्य कड, तिच्या आत केंद्राकडे जाणाऱ्या रुंद भेगांचा जाड पट्टा, आणि मध्यभागी लहान, वेड्यावाकड्या तुकड्यांत फुटलेला पातळ भाग. त्याच प्रयोगांत निरोगी व्यक्तीच्या आणि रक्तक्षय झालेल्या व्यक्तीच्या रक्ताचे नमुने वेगळे दिसले. म्हणजे डाग कोणत्या पृष्ठभागावर वाळला यासोबत रक्त कसे होते याचीही छाप त्यावर उमटते.

भेगांचे कारण ताणात आहे. पाणी जाताना घट्ट झालेला थर आकसू पाहतो, खालचा पृष्ठभाग त्याला आकसू देत नाही. थरात आडवा ताण साठतो आणि एका मर्यादेपलीकडे तो फाटतो. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्यातला गाळ भेगाळतो तो याच नियमाने. जाड थरात भेगांमधले अंतर मोठे असते, पातळ थरात लहान. आणि एका ठरावीक जाडीखाली थर फाटतच नाही. म्हणून बारीक शिंतोडे अखंड राहतात, मोठा थेंब मात्र तडकतो. ताण आणखी वाढला की थर पृष्ठभागापासून सुटतो आणि त्याच्या कडा वर वळतात. पत्रा, काच, सुरीचे पाते यांवर वाळलेले रक्त अशा खपल्यांनी सुटून येते. तपासात याला फार महत्त्व आहे. पाते कागदात नीट न गुंडाळता पिशवीत टाकले आणि ती पिशवी जीपच्या धक्क्यांनी हलत प्रयोगशाळेत पोहोचली, तर डाग पात्यावर नसतो, पिशवीच्या तळाशी पूड होऊन पडलेला असतो. रक्त आहे हे तेव्हाही सिद्ध होते. ते पात्याच्या कोणत्या बाजूला, मुठीपासून किती अंतरावर होते, हे कायमचे गमावलेले असते.

वाळायला किती वेळ लागतो, हा प्रश्न न्यायालयात हमखास विचारला जातो, आणि त्याचे एकच एक उत्तर नाही. स्थिर हवेत चपट्या थेंबाच्या बाष्पीभवनाचा वेग त्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढत नाही, त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो. हवेला आणखी किती वाफ सामावता येईल, यावरही तो अवलंबून असतो. २५ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत ५० मायक्रोलीटरचा, सुमारे १४ मिलिमीटर व्यासाचा डाग या हिशेबाने पूर्ण कोरडा व्हायला साधारण दीड तास घेईल. पंखा सुरू असेल तर हा वेळ बराच कमी होतो. आता तोच डाग मे महिन्यातल्या नागपुरात, ४३ अंश तापमानात आणि २० टक्के आर्द्रतेत पडला असे धरू. तिथल्या प्रत्येक घनमीटर हवेत आणखी सुमारे ४७ ग्रॅम वाफ मावू शकते. जुलैतल्या रत्नागिरीत, २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेत, ही जागा अडीच ग्रॅमच्या जरा वर असते. तफावत सुमारे १८ पटींची. एका ठिकाणी अर्ध्या तासाच्या आत वाळणारा डाग दुसऱ्या ठिकाणी पहाटेपर्यंत ओला राहू शकतो. ‘रक्त ओले होते, म्हणजे घटना नुकतीच घडली’ हे विधान तापमान आणि आर्द्रतेची नोंद नसताना केले, तर त्याला शास्त्रीय आधार उरत नाही.

वाळणे कडेपासून सुरू होते, ही गोष्ट तपासाला दुसऱ्या बाजूने मोठी मदत करते. साध्या खोलीत डागाची कड मिनिट-दीड मिनिटात पक्की होऊ लागते. नंतर त्यावरून कापड फिरले, पाय घसरला किंवा शरीर ओढले गेले, तर ओला मध्य पुसला जातो आणि वाळलेली कड रिकाम्या कड्यासारखी मागे राहते. कडे बारीक असेल तर पुसणे लवकर झाले, रुंद असेल तर उशिरा. याचा नेमका मिनिटांत हिशेब करणे धाडसाचे आहे. क्रम मात्र निःसंशय कळतो : थेंब आधी पडला, हालचाल नंतर झाली. झटापट केव्हा संपली, मृतदेह हलवला का, कोणी साफसफाई करण्याचा प्रयत्न केला का, अशा प्रश्नांना हे एक कडे पुष्कळदा साक्षीदाराहून भरवशाचे उत्तर देते. डागाच्या वयाबाबत केल्या जाणाऱ्या सगळ्या दाव्यांत हा सर्वांत साधा आणि सर्वांत पक्का आहे.

थारोळ्याची गोष्ट थेंबाहून निराळी. थारोळे जाड असते, त्यामुळे ते वाळण्याआधी साकळते. शरीराबाहेर आलेले रक्त साधारण ३ ते १० मिनिटांत गोठू लागते. फायब्रिनचे तंतू पेशींना जाळ्यात पकडतात, मग ते जाळे आवळले जाते आणि पिवळसर रक्तजल बाहेर पिळले जाते. लाल गोळ्याभोवती पिवळट ओल दिसली तर रक्त पडून काही काळ लोटला आहे आणि मधल्या काळात ते फारसे ढवळले गेलेले नाही, असे म्हणता येते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात थारोळ्याच्या वाळण्याचे पाच टप्पे सांगितले गेले : साकळणे, जेली होणे, कड वाळणे, मध्य वाळणे आणि शेवटचे संपूर्ण शुष्कीकरण. प्रयोगशाळेतल्या कामाचा एक दोष इथे उघडा पडतो. प्रयोगांसाठी वापरले जाणारे रक्त पुष्कळदा ईडीटीए किंवा सायट्रेट घालून साठवलेले असते. ते साकळतच नाही. अशा रक्तावर काढलेला निष्कर्ष बारीक शिंतोड्यांना चालू शकतो, कारण ते साकळण्याआधीच वाळतात. थारोळ्याला तो जसाच्या तसा लावणे चूक आहे.

वाळलेल्या थारोळ्यावरून किती रक्त सांडले याचा अंदाज बांधता येतो. रक्तातील घन भाग वजनाने सुमारे २० ते २२ टक्के असतो. खरवडून काढलेल्या कोरड्या खपल्यांचे वजन २१ ग्रॅम भरले तर सांडलेले रक्त अंदाजे १०० मिलिलीटर होते. प्रौढ व्यक्तीच्या शरीरात सुमारे ५ लीटर रक्त असते, हे लक्षात घेता मृतदेह सापडला नसतानाही जखमी व्यक्ती वाचली असेल का, या प्रश्नाला दिशा मिळते. जमीन मातीची असेल तर हा हिशेब अवघड होतो. पंचनाम्यात ‘रक्तमिश्रित माती’ आणि तुलनेसाठी ‘साधी माती’ अशा दोन पुड्या घेण्याची जुनी पद्धत आहे. ती चांगलीच आहे, पण किती क्षेत्रात आणि किती खोलीपर्यंत माती भिजली होती हे लिहिले नसेल तर प्रमाण काढता येत नाही.

कापडावरचा डाग हा या विषयाचा सर्वांत बिकट भाग. कापडावर कड धरून बसत नाही. धाग्यांच्या फटींतून रक्त ओढले जाते, सुताच्या दिशेने धावते, आणि प्रवाहाने तोडलेले अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे आधी भरभर, मग सावकाश. पेशी धाग्यांत अडकतात आणि रक्तद्रव पुढे जातो, म्हणून लाल डागाभोवती फिकट पिवळसर वलय येते. विणलेला टी-शर्ट, मागावरचा सुती सदरा, धुऊन धुऊन कांजी गेलेले कापड आणि कोरे कापड, प्रत्येकावर एकाच आकाराचा थेंब वेगळा डाग पाडतो. बाल्थाझार यांचे सूत्र इथे चालत नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की दुरून उडालेला बारीक शिंतोडा आणि रक्ताळलेल्या वस्तूचा हलका स्पर्श, हे दोन्ही कापडावर जवळपास सारखे दिसू शकतात. अमेरिकेतील इंडियाना राज्यात २००० साली पत्नी आणि दोन मुलांच्या खुनाचा आरोप असलेल्या एका माजी पोलिसाचा खटला याच प्रश्नावर फिरला. त्याच्या टी-शर्टवर आठ बारीक ठिपके होते. सरकारी तज्ज्ञ म्हणाले, ते गोळीबारातून उडालेले आहेत. बचावाचे तज्ज्ञ म्हणाले, मुलाला उचलून बाहेर काढताना मुलीच्या केसांचे रक्त लागले. दोनदा शिक्षा झाली, दोनदा ती रद्द झाली, आणि तिसऱ्या खटल्यात, २०१३ मध्ये, तो निर्दोष सुटला. कापडाच्या भौतिकशास्त्राकडे त्या काळी जेवढे लक्ष द्यायला हवे होते तेवढे कोणीच दिले नव्हते.

पाणी गेल्यावरही डाग स्थिर होत नाही. आता रंग बदलू लागतो. हवेत आलेल्या रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरून जाते आणि डाग लालभडक दिसतो. त्या हिमोग्लोबिनमधले लोह हळूहळू ऑक्सिडीकरण पावते आणि मेथहिमोग्लोबिन बनते. जिवंत शरीरातही हे सतत घडत असते, पण तिथली विकरे ते उलटवतात आणि मेथहिमोग्लोबिनचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास रोखून धरतात. डागात ती यंत्रणा थांबलेली असते. पुढे प्रथिनाची घडीच बिघडते आणि हेमिक्रोम तयार होते. लालाचा तपकिरी आणि तपकिरीचा काळपट रंग होतो तो या क्रमाने. वर्णपटात हे आकड्यांत पाहता येते. ताज्या डागात ५४२ आणि ५७७ नॅनोमीटरला प्रकाश शोषणारे दोन ठळक पट्टे असतात. ते मावळत जातात आणि ६३० नॅनोमीटरच्या आसपास मेथहिमोग्लोबिनचा पट्टा डोके वर काढतो. जांभळ्या टोकाचा ४१५ नॅनोमीटरचा सर्वांत तीव्र पट्टाही आखूड तरंगलांबीकडे सरकतो. १९०७ मध्ये इटलीचे लुईजी तोमेल्लिनी यांनी डागाचे वय ओळखण्यासाठी रंगांचा तक्ता केला होता. २०११ मध्ये आम्सटरडॅमच्या संशोधकांनी परावर्तित प्रकाशाच्या वर्णपटावरून या तीन रूपांचे प्रमाण मोजून वय काढण्याची पद्धत मांडली.

शंभर वर्षांत उपकरणे किती सुधारली हे यावरून दिसते. अडचण मात्र तीच राहिली आहे. ही रासायनिक घड्याळे तापमान, आर्द्रता आणि प्रकाशावर चालतात. उन्हातल्या खिडकीतला चार दिवसांचा डाग आणि थंड तळघरातला महिन्याचा डाग एकाच रंगाचे दिसू शकतात. आरएनएच्या विघटनावर आधारलेल्या पद्धतींनाही हाच वेढा आहे. नियंत्रित खोलीत या पद्धती चांगल्या चालतात. डाग कोणत्या हवेत राहिला याची नोंद असेल तर प्रत्यक्ष प्रकरणातही त्यांचा उपयोग होतो. नोंद नसेल तर ‘ताजा’ आणि ‘जुना’ यांपलीकडे जाऊ नये.

हिमोग्लोबिनच्या याच गुणांवर डाग शोधण्याची तंत्रे उभी आहेत. ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा प्रकाश टाकला की रक्त तो गिळते, स्वतः चमकत नाही, आणि सभोवतालच्या उजळ पृष्ठभागावर काळा ठिपका उठून दिसतो. काळ्या कापडावर अवरक्त छायाचित्रण उपयोगी पडते, कारण पुष्कळ काळे रंग अवरक्त प्रकाशात फिके दिसतात आणि रक्त गडद राहते. धुतलेल्या डागासाठी ल्युमिनॉल आहे. ते गुन्हेतपासात वापरण्याचा मार्ग जर्मनीचे वाल्टर श्पेश्ट यांनी १९३७ मध्ये दाखवला. हिमोग्लोबिनमधले लोह त्या रासायनिक क्रियेला चालना देते आणि अंधारात निळसर प्रकाश दिसतो. जुना, वाळलेला डाग ताज्यापेक्षा अधिक चांगला उजळतो, कारण त्यातले लोह आधीच ऑक्सिडीकृत असते. ब्लीच, तांब्याची भांडी आणि काही भाज्यांचा रसही असाच उजेड देतो. म्हणून ही चाचणी शोधापुरती मानायची, सिद्धतेसाठी नाही.

वाळलेला डाग किती टिकतो आणि किती हरवतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण क्लीव्हलँडजवळच्या बे व्हिलेजमधले आहे. ४ जुलै १९५४ च्या पहाटे डॉ. सॅम शेपर्ड यांच्या पत्नी मॅरिलिन यांचा घरातील शयनगृहात खून झाला आणि वर्षअखेरीस शेपर्ड दोषी ठरले. त्यानंतर, जानेवारी १९५५ मध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठाचे पॉल कर्क त्या खोलीत गेले. रक्त सहा महिने जुने झाले होते. तरी भिंतींवरच्या प्रत्येक शिंतोड्याची बाह्यरेषा जागेवर होती. कर्क यांनी त्यांच्या दिशा मोजल्या. भिंतींच्या ज्या भागावर रक्त नव्हते तो मारेकऱ्याच्या शरीराने अडवलेला भाग आहे, असे त्यांनी ओळखले, आणि घाव डाव्या हाताने घातले गेले असा निष्कर्ष काढला. शेपर्ड उजव्या हाताचे होते. इथपर्यंत कर्क यांच्या हाताशी आकार होता, आणि आकार टिकला होता. पुढे कपाटाच्या दारावरचा एक मोठा डाग मॅरिलिन यांच्या रक्ताहून वेगळा आहे असे त्यांनी सांगितले, कारण तो वेगळ्या वेगाने विरघळत होता आणि रक्तगटाच्या चाचणीत त्याच्या पेशींच्या गुठळ्या सावकाश होत होत्या. सरकारी बाजूने यावर जोरदार आक्षेप घेतला गेला, आणि तो रास्त होता : वाळून सहा महिने झालेल्या रक्ताची विद्राव्यता आणि गुठळ्या होण्याचा वेग थराच्या जाडीवर आणि जुनेपणावरही ठरतात. एकाच खोलीत, एकाच तज्ज्ञाच्या कामात, डागाची भक्कम साक्ष आणि कच्ची साक्ष शेजारी शेजारी दिसते. १९६६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आधीचा खटला प्रसिद्धीच्या गदारोळात चालल्यामुळे तो अन्याय्य ठरवला, आणि फेरखटल्यात कर्क यांची साक्ष झाल्यावर शेपर्ड निर्दोष ठरले.

या खटल्यानंतर डागांचा अर्थ लावणे हा स्वतंत्र व्यवसाय बनला आणि त्याने स्वतःच्या पायापेक्षा मोठी इमारत बांधली. शिंतोड्यांवरून मागे दोऱ्या ताणून उगमबिंदू शोधण्याची पद्धत सर्वत्र शिकवली गेली. थेंब गुरुत्वाकर्षणामुळे वक्र मार्गाने येतो, दोरी सरळ असते, त्यामुळे ही पद्धत उगमाची उंची खऱ्यापेक्षा जास्त दाखवते. आठवड्याभराचे वर्ग करून तज्ज्ञ म्हणून साक्ष देणारे पोलीस अधिकारी अमेरिकेत तयार झाले. टेक्सासमधील एका शाळेच्या मुख्याध्यापकाला १९८० च्या दशकात पत्नीच्या खुनाबद्दल शिक्षा झाली, ती एका टॉर्चवरील ठिपक्यांच्या अशाच वाचनाच्या आधारावर. २०१८ मध्ये त्या राज्याच्या न्यायसहायक विज्ञान आयोगाने ती साक्ष शास्त्राला धरून नव्हती असे ठरवले, आणि साक्ष देणाऱ्यानेही आपले निष्कर्ष चुकल्याचे लिहून दिले. त्याआधी २००९ मध्येच अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालाने या विद्येतील अनिश्चितता फार मोठी असल्याचे बजावले होते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७५ कार्यरत विश्लेषकांना १९२ डागांच्या प्रतिमा दिल्या गेल्या. जिथे खरे कारण माहीत होते तिथे सुमारे ११ टक्के उत्तरे चुकीची निघाली. चुकांचे हे प्रमाण भौतिकशास्त्राचे नाही. कड, कोन, क्रम यांबाबत नियम स्पष्ट आहेत. चूक होते ती डागावर नसलेली माहिती डागातून वाचली जाते तेव्हा.

भारतात या प्रश्नाने वेगळे रूप घेतले. इथे डागाच्या आकारापेक्षा त्यातल्या रक्ताकडे, ते माणसाचे की प्राण्याचे आणि कोणत्या गटाचे, याकडे अधिक लक्ष दिले गेले. महाराष्ट्रातील मुद्देमाल न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातो. तिचे मुख्यालय मुंबईत कलिना येथे आहे. तिथून येणारा अहवाल कोर्टात ‘सी.ए. रिपोर्ट’ या नावाने ओळखला जातो. त्यात ‘निष्कर्ष काढता आला नाही’ असा शेरा असला की बचाव पक्ष त्याचा आधार घेतो. १९९९ मध्ये तेजा राम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यावर स्पष्ट भूमिका घेतली. कुऱ्हाडीवरील रक्त विघटित झाल्याने त्याचे मूळ ठरवता आले नाही, एवढ्यावरून ते मानवी रक्त नव्हतेच असे म्हणता येत नाही. डाग वाळल्यावर काय काय हरवते, हे न्यायालयाने तिथे मान्य केले होते. हरवण्याचे एक कारण टाळता येण्यासारखे असते. ओलसर कपडा प्लास्टिकच्या पिशवीत मोहोरबंद केला की त्यावर जिवाणू आणि बुरशी वाढतात आणि पुरावा प्रयोगशाळेत पोहोचण्याआधीच कुजतो. कपडा सावलीत वाळवून, घड्यांमध्ये कागद घालून, कागदी पाकिटात ठेवावा, हा साधा नियम कित्येक प्रकरणांत अहवालाचा निकाल बदलू शकतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ नुसार सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणे आणि त्याचे चित्रीकरण करणे आवश्यक ठरले आहे. राज्यांना ही तरतूद अमलात आणण्यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत दिलेली आहे. ही मुदत चालू असतानाच पंचनाम्याच्या छापील नमुन्यात काही रकाने वाढवले पाहिजेत : खोलीचे तापमान, आर्द्रता, पंखा किंवा वातानुकूलन सुरू होते का, डाग ज्या पृष्ठभागावर आहे त्याचे वर्णन, आणि मोजपट्टी ठेवून काटकोनात घेतलेले छायाचित्र किती वाजता घेतले. तापमान आणि आर्द्रता दाखवणारे छोटे उपकरण काही शे रुपयांत मिळते, आणि नोंद करायला दोन मिनिटे पुरतात. ज्या पंचनाम्यात हे आकडे नाहीत त्या प्रकरणात डागाचे वय सांगायला तज्ज्ञाने नकार द्यावा आणि न्यायालयाने तो नकार मान्य करावा.